वीस श्वासांची बाई

माझी नणंद बत्तीस वर्षं नर्स आहे आणि तिच्या वॉर्डातला प्रत्येक माणूस मिनिटाला वीस वेळा श्वास घेतो. गाढ झोपलेला वीस घेतो, कण्हणारा वीस घेतो, शंभरावर तीन ताप असलेलाही वीसच घेतो. खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या तक्त्यावर नाडी कमीजास्त होते, बीपी चढतं-उतरतं, श्वासाच्या रकान्यात मात्र सकाळ, दुपार, रात्र वीस, वीस, वीस. शिकाऊ मुली पाठीमागे तिला वीसबाई म्हणतात. हे मला लेकीकडून कळलं. नर्सिंगच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला तिची नेमणूक नेमकी आत्याच्याच वॉर्डात झाली होती.

श्वास मोजायला एक अख्खं मिनिट लागतं. बीपी, नाडी, ताप ही कामं यंत्रं करतात, पण श्वासांसाठी माणसाकडे बघत उभं राहावं लागतं. तेही त्याला कळू न देता, कारण कळलं की तो वेगळाच श्वास घेऊ लागतो. म्हणून नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरायचं आणि नजर छातीवर ठेवायची. तीस खाटांची तीस मिनिटं. वीसबाईला तेवढी सवड नसते, कारण तिला फायली असतात.

तिच्या दिवाणखान्यात अठरा प्रमाणपत्रं चौकटीत घालून लावलेली आहेत. पाहुणा बसला की समोर तीच दिसतील अशी खुर्ची ठेवलेली आहे. हात कसे धुवावेत याचं एक आहे. संवादकौशल्याचं एक आहे, आणि ही बाई रोग्यांच्या नातेवाइकांशी अंगणात शिरलेल्या मांजरांशी बोलावं तशी बोलते. ती शिकली तेव्हा नर्सने तीन वर्षं डिप्लोमा करायचा, डॉक्टर आला की उभं राहायचं, त्याचं पेन हातात तयार ठेवायचं आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पुढे काळ बदलला. नर्सिंगची पदवी आली, पदव्युत्तर आली, नर्सने स्वतः रोगी तपासून स्वतःचं मत लिहावं असं ठरलं. तिच्या रुग्णालयात तर नियमच झाला: श्वास तीसच्या वर गेले की नर्सने डॉक्टरची वाट न बघता थेट तातडीच्या पथकाला फोन करायचा. नंबर भिंतीवर चिकटवलेला आहे. वन्संनी या बदलातलं मिळेल ते सगळं घेतलं. टपालाने पदवी घेतली, पांढरा कोट घेतला, वेगळी खोली घेतली, सिस्टरऐवजी मॅडम म्हणवून घेतलं. फोन करण्याचा अधिकार तेवढा भिंतीवरच ठेवला. कारण प्रत्येक फोनची नोंद होते आणि सोमवारच्या बैठकीत तिला उत्तर द्यावं लागतं. ज्या वॉर्डातून फोन जात नाही तो चांगला वॉर्ड. तिच्या वॉर्डातून दोन वर्षांत एकही गेला नव्हता, आणि त्याचं एकोणिसावं प्रमाणपत्र येऊ घातलं होतं.

माझा नवरा म्हणतो, ताई अशी नव्हती. नवीन असताना तिने एका बाईचे श्वास मोजून वरिष्ठ डॉक्टरला सांगितले, तेव्हा त्याने सगळ्या वॉर्डासमोर विचारलं, तुला सुया टोचायला ठेवलंय की डोकं चालवायला? ती घरी येऊन दोन दिवस जेवली नाही. मी हे वीसेक वेळा ऐकलं आहे. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण अपमान डॉक्टरने केला आणि त्याची शिक्षा बत्तीस वर्षं खाटेवरच्या माणसांनी भोगायची, हा कुठला हिशोब?

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी साडेसातला लेक अकरा नंबरच्या खाटेपाशी गेली. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झालेला एक निवृत्त बस ड्रायव्हर होता. तिने नेहमीसारखं मनगट धरलं आणि मोजले. चौतीस. पुन्हा मोजले. चौतीस.

"काका, दम लागतोय का?"

"छे गं. उशी जरा खाली सरकलीये. तेवढी नीट कर आणि चहा कधी येतो ते सांग."

तिने उशी नीट केली आणि वन्संच्या खोलीत गेली.

"मॅडम, अकरा नंबरचे श्वास चौतीस आहेत." वॉर्डात आत्या म्हणायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून झालं होतं.

वन्संनी संगणकावरून मान वर केली नाही. "बोलतोय का?"

"बोलतोय. चहा मागतोय."

"चौतीस श्वास घेणारा माणूस चहा मागत नाही. वीस लिही आणि बारा नंबरकडे जा."

"मी दोनदा मोजले."

"दोनदा मोजायला वेळ आहे तुला? मजा आहे बाई तुमच्या पदवीवाल्यांची. काल रात्रीच्या नर्सने वीस लिहिलेत, दुपारच्या नर्सने वीस लिहिलेत. त्या काय आंधळ्या आहेत?"

लेक बाहेर आली. तिने तक्त्यावर चौतीस लिहिलं, शेजारी सही केली आणि भिंतीवरच्या नंबराला फोन लावला. पथक आलं. फुप्फुसात रक्ताची गुठळी निघाली. त्या माणसाला लिफ्टने अतिदक्षता विभागात नेलं तेव्हा तो बोलतही नव्हता. आता तो बरा आहे, घरी गेला आहे. दुपारपर्यंत थांबलं असतं तर वाचला नसता, असं त्या पथकातल्या डॉक्टरनेच सांगितलं.

यावर कुणालाही वाटेल की वन्संना निदान लाज वाटली असेल. त्यांना राग आला. सोमवारच्या बैठकीत त्या तक्त्याचा फोटो पडद्यावर लावला गेला: वीस, वीस, वीस, वीस, वीस, चौतीस. वरिष्ठांनी एवढंच विचारलं, की हा माणूस एका रात्रीत चौदा पायऱ्या चढला कसा? आठ दिवसांत लेखी उत्तर द्या.

त्याच आठवड्यात लेकीची प्रात्यक्षिकाची वही पूर्ण करून द्यायची होती. वॉर्डाच्या इन्चार्जची, म्हणजे वन्संचीच, सही असल्याशिवाय परीक्षेचा अर्ज घेत नाहीत. सही नाही म्हणजे सहा महिने मागे. वन्सं म्हणाल्या, वही ठेवून जा, बघते. चार दिवस त्या बघतच होत्या.

मग मी गेले. माझा स्वभाव असा की लेक दहा मिनिटं उशिरा आली तरी मी खिडकीत उभी असते. सहा महिने मागे पडणार म्हटल्यावर मला जेवण जाईना. मी वन्संच्या खोलीत जाऊन बसले. त्यांनी मला पाणी विचारलं, गुडघ्यांची चौकशी केली आणि एक छापलेला कागद पुढे सरकवला.

"यावर पोरीची सही आण. वही तयार आहे."

कागदावर दोन ओळी होत्या. अकरा क्रमांकाच्या रुग्णाबाबत इन्चार्ज मॅडमना शंका आल्याने त्यांनी मला श्वास पुन्हा मोजण्याची सूचना दिली. त्या सूचनेनुसार मी पथकाला फोन केला.

"पण वन्सं, हे असं झालं नाही ना."

"अगं, माझ्याच वॉर्डात झालं ना? माझ्या हाताखाली झालं ना? मग सूचना माझीच. तोंडाने दिली काय नि न दिली काय. तिचंही नाव राहतं, माझंही राहतं. घरातलं घरात."

मी तो कागद पर्समध्ये घालून घरी आणला. मला त्या बाईची किळस येत होती, आणि तरी मी लेकीपुढे तो ठेवला आणि म्हटलं, "दोन ओळी आहेत. करून टाक सही. माणूस वाचलाय ना? मग कुणाच्या सूचनेने वाचला याने त्याला काय फरक पडतो?"

लेक जेवत होती. तिने कागद ताटापासून लांब धरून वाचला.

"आई, चौतीस एकदम होत नाहीत. आदल्या दुपारी सव्वीस असतील, रात्री तीस असतील. तेव्हा कुणी मोजलं असतं तर लिफ्टपर्यंत वेळ आलीच नसती. मी इथे सही केली की तो प्रश्न संपला. आत्या उद्यापासून पुन्हा वीस लिहायला मोकळी."

"तुझी परीक्षा जाईल."

"पुढची देईन."

"आणि आत्या आयुष्यभर बोलणार नाही."

"तो फायदा धर ना मग," ती म्हणाली, आणि तिने भात वाढायला सांगितला.

दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. खरं तर मला तिच्याकडे बघवत नव्हतं. कॉलेजात शिकलेली, चार पुस्तकं वाचलेली मी, खोटा कागद पर्समधून घरी घेऊन आले होते आणि वर त्याची वकिली केली होती. वन्संना नावं ठेवायला मला इतकी वर्षं मिळाली. त्यांच्या रांगेत जाऊन उभं राहायला एक दुपार पुरली.

तिसऱ्या दिवशी मी कागद परत करायला गेले. वन्सं संगणकावर कसलीशी चित्रं सरकवत होत्या. नर्सिंगच्या परिषदेत भाषण होतं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'धोक्याची वेळेवर ओळख: एका वॉर्डाचा अनुभव'. खाली अकरा नंबरचा तक्ता होता. आधीचे पाच वीस कापून टाकलेले, फक्त चौतीस राहिलेले आणि भोवती लाल गोल.

"छान आलंय ना?" त्यांनी विचारलं. खरोखर कौतुकाने विचारलं. मला वाटतं तोवर त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं.

मी कागद टेबलावर ठेवला. "सही नाही करायची तिला."

"तिला की तुला?"

"दोघींना."

"वर्षाचं नुकसान करून घेतेयस पोरीचं. नीट विचार कर. मी काय परकी आहे?"

"सहा महिन्यांचं. आणि वन्सं, चौकशीला बोलावलं तर ती जे झालं तेच सांगणार आहे."

त्यांनी खणातून लेकीची वही काढली, सहीची जागा कोरी आहे ना ते एकदा बघितलं आणि माझ्या हातात दिली. मग खोटा कागद उचलला. मला वाटलं, फाडतील. त्यांनी फक्त खाली छापलेलं लेकीचं नाव पेनने खोडलं, जरा विचार केला आणि घंटी वाजवली.

त्या मंगळवारी सकाळी वॉर्डात लेकीबरोबर आणखी एक शिकाऊ मुलगी होती. तिचीही वही सहीची वाट बघत होती. मी बाहेर पडत होते तेव्हा ती आत येत होती, हात कोटाला पुसत. तिने मला ओळखून हसून मान हलवली. मागे दार लागलं आणि आतून वन्संचा आवाज आला, मऊ, संवादकौशल्याचा: "ये बाळ, बस. आईबाबा बरे आहेत ना?"