मालिका बघणारा दुकानदार

राजूरच्या बाजारात माझं किराणा घ्यायचं दुकान ठरलेलं आहे आणि दुकानदारावर चिडणंही ठरलेलं आहे. बरणीला मोबाईल टेकवून हा माणूस दिवसभर टीव्हीच्या मालिका बघतो. डाळ मागितली तर म्हणतो, "थांबा जरा, सासू घरात आलीय." पोहे काट्यावर तसेच पडून राहतात.

परवा बाजाराला डोंगरातल्या वाडीवरची एक म्हातारी आली. वाडीतली वीज गेल्यानं तिची मालिका चुकली होती. मागं गिऱ्हाइकं ताटकळत असताना यानं हातवारे करकरून तिला सगळा भाग सांगितला. शेवटी म्हणाला, "आन मावशे, रुसून गेल्यालं पोरगं आलं की घरी!"

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले आणि हसत जीपकडे गेली.

तो भाग मीही बघितला होता. "अहो, पोरगा कुठं आला? उगाच काहीतरी काय सांगता?" मी वैतागून म्हणालो.

"तिचा सोताचा पोरगा भांडून नाशकाला गेलाय. लई दिस झालं, फोन बी न्हाई," तो हळूच म्हणाला. "माझ्याच्यानं खरं न्हाई सांगवलं."

"मग पुढच्या बाजाराला काय सांगणार?"

त्यानं डोकं खाजवलं. "तुमीच सुचवा की काय तरी."

मी रागारागानं पिशवी उचलली आणि निघालो. पण अकोले गाव येईपर्यंत एसटीत एकच विचार करत होतो, की आलेल्या पोराला आता घरी थांबवायचं कसं.