व्याह्यांच्या गच्चीवरचा धूमकेतू

प्रेमराज भदाणे, म्हणजे सगळ्यांचे भाऊ, यांच्या घरातल्या जुन्या अल्बममध्ये त्यांच्या पत्नीचे, लताबाईंचे, उन्हात डोळे बारीक करून उभ्या असतानाचे इतके फोटो आहेत की नवख्या पाहुण्याला वाटावं, काय प्रेम आहे या माणसाचं बायकोवर. प्रेम होतं, नाही असं नाही, पण फोटोंचं कारण वेगळं होतं. रिळाचे कॅमेरे होते त्या काळात भाऊ जळगावच्या मेहरूण भागातल्या आपल्या गच्चीवरून ताऱ्यांचे फोटो काढत. पहिली दोन रिळं स्टुडिओवाल्यानं धुतली, सगळं काळंच आहे म्हणून छापलीच नाहीत, आणि निगेटिव्ह कापताना कात्री नेमकी मृग नक्षत्राच्या कमरेतून चालवली. तेव्हापासून प्रत्येक रिळातला पहिला फोटो भर उन्हात लताबाईंचा. तो दिसला की स्टुडिओवाल्याला कळे, चौकट कुठं सुरू होते आणि कुठं कापायचं. लताबाई म्हणत, आमचा उपयोग एवढाच, कात्रीला वाट दाखवायची.

भाऊ मूळचे शिंदखेड्याकडचे, कापसाच्या घरातले. जळगावला पाइपच्या कारखान्यात तपासणी विभागात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आकाशाचं वेड कुठून लागलं ते त्यांनाही सांगता येत नाही. आधी एक जुनी द्विनेत्री आली, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची गळ्यात अडकवण्याची दुर्बीण. तिची एक नळी किंचित वाकडी होती, त्यामुळं तासभर बघितलं की डोकं दुखायचं. मग भाऊंनी मोठी दुर्बीण स्वतःच करायची ठरवली. ओट्यावर पिंप उलटं मांडलं, त्यावर काच ठेवली, आणि काचेवर काच घासत, पिंपाभोवती गोल गोल फिरत, एका हिवाळ्यात आरसा तयार केला. नळीसाठी कारखान्यातला नापास झालेला करडा पाइप रीतसर परवानगीनं आणला. गच्चीवर तो उभा राहिला तेव्हा शेजाऱ्यानं चौकशी केली, की बोअर वरच्या मजल्यावर का घेताय.

हसणारे हसले, पण त्या पाइपातून शनीची कडी बघितली की हसणं थांबायचं. शाळा बोलवायच्या, कॉलनीतले लोक ग्रहणाच्या आधी फोन करायचे. आणि सगळ्यांत पुढं असायची त्यांची एकुलती एक मुलगी पुनम. लहानपणी स्टुलावर चढून बघायची, मोठी झाल्यावर वाकून. हा कोणता तारा, तो का लुकलुकत नाही, तिचे सगळे प्रश्न पप्पांना. आकाशाचं काही विचारायचं तर पप्पांना, असा तिच्या डोक्यात कायदाच होता. भाऊंना निवृत्तीचं काही वाटलं नाही, केस गेल्याचं काही वाटलं नाही. हा कायदा मोडू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

पुनमला धुळ्याला दिलं. सासरे नवल बोरसे, महामार्गाला लागून त्यांचं मोटारपंपांचं दुकान. माणूस दिलदार, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. लग्नानंतरच्या हिवाळ्यात ते सहकुटुंब जळगावला आले आणि भाऊंनी त्यांना त्या करड्या पाइपातून शनी दाखवला. नवलनाना बराच वेळ डोळा काढेनात. मग म्हणाले, की भाऊ, एवढी वर्षं मी नुसते पंप विकले. भाऊंची छाती फुगली. त्यांना काय माहीत, की आपण आपल्याच पायाखाली खड्डा खणला आहे.

वर्षाच्या आत नवलनानांनी दुर्बीण घेतली. साधीसुधी नाही. बटण दाबलं की आपोआप फिरून ताऱ्यावर जाऊन थांबणारी, मोटारीची, वर कॅमेरा लावायची सोय असलेली, मोबाइलवर चित्र दाखवणारी. भाऊंनी किंमत विचारली नाही आणि नानांनी सांगितली नाही, हे दोघांचंही मोठेपण म्हणायचं. मग नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी सुप्रभातच्या जागी नानांचा चंद्र यायला लागला. सगळे अंगठे दाखवायचे, हात जोडायचे. भाऊ चष्मा लावून तो चंद्र मोठा करून बघत, कुठं काही चुकलंय का ते शोधत, आणि काही सापडलं नाही की मोबाइल उलटा ठेवत. एका स्थानिक वर्तमानपत्रात नानांचा फोटो छापून आला, खाली लिहिलं होतं ‘धुळ्याचे खगोलप्रेमी’. त्या दिवशी भाऊंनी भाजीत मीठ जास्त असल्याचं लताबाईंना दोनदा सांगितलं. भाजी ठीक होती.

पोटात दुखत होतं, दुसरं काय. भाऊंनी स्वतःला पुष्कळ समजावलं. आपण काच घासली, यांनी खोकं उघडलं. आपल्याला नक्षत्र ओळखता येतं, यांना बटण. सगळं खरं होतं, पण समजावून पोटदुखी थांबत नाही. आणि एक दिवस फोनवर पुनम सहज बोलून गेली, “पप्पा, काल नानांनी गुरूचे चंद्र दाखवले. इतके स्वच्छ मी कधीच बघितले नव्हते.”

कधीच. म्हणजे स्टुलावर चढून बघितले ते काय होते? भाऊ हो का, छान, एवढंच म्हणाले. फोन ठेवल्यावर ते गच्चीवर गेले आणि करड्या पाइपावरची धूळ पुसत बसले, जणू दोष धुळीचाच होता.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर तो धूमकेतू आला. संध्याकाळी पश्चिमेला, सूर्य बुडाल्यावर थोडाच वेळ, शुक्र आणि स्वातीचा तारा यांच्यामध्ये. जळगावला सलग ढग. धुळ्याचं आकाश एका दिवशी मोकळं होणार असा अंदाज आला आणि पुनमचा फोन आला, की पप्पा, या. नाना सगळ्या कॉलनीला दाखवणार आहेत. आणि आजींनाही बघायचाय. आजी म्हणजे नवलनानांची आई, तानुबाई. लहानपणी शेतावर पहाटे बापानं उठवून शेपटीचा तारा दाखवला होता, तसा मरायच्या आधी आणखी एकदा बघायचा, असं तिनं नातसुनेजवळ बोलून दाखवलं होतं. भाऊंनी जुनी द्विनेत्री पिशवीत टाकली आणि धुळ्याच्या बसमध्ये बसले. आपण कशाला चाललो आहोत ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो धूमकेतू पुनमला आपण दाखवायचा. बटणानं नव्हे, हातानं.

गच्चीवर जत्रा भरली होती. सतरंज्या, खुर्च्या, कोजागरी जवळ आली म्हणून मसाला दूध. तानुबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचलून वर आणलं होतं. मधोमध नानांची पांढरीशुभ्र दुर्बीण. नानांनी भाऊंचं मोठ्यानं स्वागत केलं, सगळ्यांना सांगितलं, की हे आमचे व्याही, यांच्यामुळंच मी या नादाला लागलो. भाऊंना तेवढ्यानं बरं वाटायला हवं होतं. पण लगेच पुढं नाना म्हणाले, की आता तुम्ही निवांत बसा, आज आपलं मशीन शोधून देईल.

निवांत बसा! भाऊ कठड्यापाशी जाऊन उभे राहिले.

अशा मशीनला आधी दोन तारे ओळखून द्यावे लागतात, मग ते बाकीचं आकाश स्वतः मांडतं. उजेड पुरता गेला नव्हता, लोक घाई करत होते, आणि नानांनी घाईघाईत श्रवणाच्या ताऱ्यावर दुर्बीण नेऊन मशीनला सांगितलं, की हा अभिजित. मशीननं मान्य केलं. त्याला काय, जे सांगाल ते खरं. भाऊंनी ते स्पष्ट बघितलं. दोन पावलं पुढं जाऊन कानात सांगायचं होतं, नाना, तारा चुकला. ते गेले नाहीत. वर कोणीतरी बसून आपल्या बाजूनं निकाल देतंय, असं त्यांना वाटलं आणि फार बरं वाटलं.

मोटार घरघरली, दुर्बीण ऐटीत फिरली आणि पश्चिमेच्या रिकाम्या तुकड्याकडं बघत थांबली. नानांनी डोळा लावला. काही नाही. मोबाइलवर बघितलं. करडं. पुन्हा बटण दाबलं, दुर्बीण पुन्हा त्याच रिकाम्या जागी. एकेक जण वाकून बघत होता आणि काय दिसायला हवं ते विचारत होता. नानांच्या कपाळावर घाम आला.

तेवढ्यात भाऊंनी द्विनेत्री डोळ्याला लावली. कोपरं छातीशी घट्ट धरली, शुक्रापासून सुरुवात केली आणि उजवीकडं सावकाश सरकत गेले. महामार्गावरच्या दिव्यांचा धुरकट उजेड होता, नुसत्या डोळ्याला तिथं काहीच नव्हतं. आणि मग तो दिसला. एक मऊ ठिपका, त्यावर तिरकी उभी शेपटी, भाऊंनी आयुष्यात बघितलेल्या कोणत्याही शेपटीपेक्षा लांब. त्यांचे हात स्थिर राहिले. ते बघत राहिले.

पुनम मागं येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, “पप्पा, तुम्हाला दिसतोय का?”

हाच तो क्षण, ज्यासाठी ते बसनं आले होते. द्विनेत्री तिच्या हातात द्यायची, खांद्याला धरून तिला वळवायचं, बस. पण ती बघेल आणि ओरडेल, मग सगळी गच्ची इकडं धावेल, नाना सगळ्यांत आधी धावतील, दोन मिनिटांत मोठ्या आवाजात सगळ्यांना दाखवू लागतील, आणि उद्या ग्रुपवर येईल, नानांच्या गच्चीवर धूमकेतू. भाऊंच्या डोळ्यांसमोर तो सगळा ग्रुप उभा राहिला, अंगठ्यांसकट.

“नाही,” ते म्हणाले.

पुनम वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पप्पांना दिसत नाही म्हणजे आज दिसणारच नाही. नाना, राहू द्या आता.”

सगळे ऐकत होते, आणि सगळ्यांनी तिचं मानलं. जो कायदा मोडला म्हणून भाऊ एवढे दिवस जळत होते, तो मोडलाच नव्हता. कोणी सतरंजी झटकायला लागलं, कोणी दुधाचे पेले गोळा करायला. आता खरं सांगावं तर खोटं बोललो हेही सांगावं लागणार, आणि ते मुलीसमोर, व्याह्यांसमोर. धूमकेतू खाली सरकत होता. त्यांनी द्विनेत्री गळ्यातून काढून पिशवीत ठेवली.

नाना मात्र आईपाशी गेले. तिला बघू तर देऊ, एवढी वर आणली आहे, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी तिची खुर्ची दुर्बिणीजवळ ओढली. तानुबाईंनी डोळा लावला. बराच वेळ लावला. मग मागं टेकल्या आणि मुलाच्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, “दिखना ना भो. बठ्ठा दिखना. मोठी शेपटी शे त्याले.”

आईला सगळा दिसला म्हटल्यावर नानांचा चेहरा उजळला. लोकांनी पुन्हा वाकून बघितलं आणि या वेळी दोघातिघांना पुसटसं काही दिसलंही. त्या दुर्बिणीसमोर काहीच नव्हतं, हे त्या गच्चीवर एकट्या भाऊंना पुराव्यानिशी माहीत होतं. एका म्हातारीनं पोराची लाज राखायला थाप मारली होती, आणि आपण कशाला मारली, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

भाऊंनी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी आपणहून नानांना म्हणायचं, आज मी लावतो, चला, असं त्यांनी ठरवलं होतं. दुपारी आभाळ भरून आलं. संध्याकाळी पश्चिमेला काळी भिंत उभी होती, आणि हवामानाचा अंदाज पुढचे कितीतरी दिवस तोच होता. तोवर तो इतका दूर जाणार होता की द्विनेत्रीलाही जेमतेम दिसावा, आणि पुन्हा कोणाच्या आयुष्यात यायचा नव्हता. दोघं व्याही कठड्याला टेकून त्या ढगांकडं बघत राहिले.

शेवटी भाऊंना राहवलं नाही. ते म्हणाले, “नाना, काल मला सापडला होता.”

“माहीत आहे,” नाना म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच लहान झाला होता. “शोधणाऱ्याचे हात फिरत असतात. तुमचे थांबले होते. मी बघत होतो.”

“मग विचारलं का नाही?”

नानांनी दुर्बिणीवरचं कापड उगाच सारखं केलं. “एवढ्या लोकांसमोर? मुलाचा बाप मी, मशीन माझं, गच्ची माझी. तुम्हाला विचारायचं? शिकलो तुमच्याकडूनच, पण पुनम येताजाता म्हणते, पप्पा असते तर लगेच सांगितलं असतं. दोन वर्षं ऐकतोय मी ते, भाऊ.”

इतके दिवस भाऊ ज्या आगीत एकटेच होते असं समजत होते, तिच्यात शेजारी हा माणूसही बसलेला होता.

खाली अंगणात शेजारच्या शेवंताबाई आल्या होत्या. त्या काल गावाला गेल्या होत्या, त्यांचं बघायचं राहून गेलं होतं. तानुबाई त्यांना सांगत होत्या, आवाज वरपर्यंत येत होता. शेपटी केवढी, उजेड केवढा, पहाटेचा गारठा कसा, आणि बापानं खांद्यावर घेऊन कसं दाखवलं. लहानपणीचा तो तारा त्या जशाच्या तशा सांगत होत्या. मग त्या थांबल्या आणि मुलाच्या कौतुकानं म्हणाल्या, “आन काल मना नवलनी दखाडा.”

वर दोघं जण एकमेकांकडं न बघता ते ऐकत उभे होते.