मेलेली बकरी उठली त्याची गोष्ट

शेवंताबाई चित्रकलेच्या तासाला आल्या, की आधी सगळ्यांची खोडरबरं जमा करून घेत. आमची शाळा नागपुरातल्या कोष्ट्यांच्या, म्हणजे विणकरांच्या, वस्तीतली, काळ सत्तरच्या आसपासचा. बाईही कोष्ट्याघरच्याच. वर्गाने मिळून एकच गोष्ट काढायची, प्रत्येकाने एक चित्र, आणि आधीचा जिथे थांबला तिथून पुढे न्यायची, असा त्यांचा शिरस्ता. "दुसऱ्याचं चित्र खोडाचं नाही. धागा तुटला तं गाठ मारा अन् पुढं चला," हे त्यांचं पालुपद.

त्या वर्षी आमची बकरी उमरेडच्या गोठ्यातून, आईला सोडून, सीताबर्डीचा बाजार बघायला निघाली होती. घरी सुताला देऊन उरलेल्या रंगांत ती कधी हिरवी तर कधी जांभळी व्हायची. शेवटची पाळी भागीची. उन्हाळ्यात तिची आई वारली, तेव्हापासून ती शाळेत चकार शब्द बोलली नव्हती. तिने बकरी कोळशाच्या ट्रकखाली मारून टाकली. आम्ही भयंकर चिडलो, ते चित्र फाडाच म्हणून हटून बसलो. बाई बधल्या नाहीत. त्यांना वेगळीच काळजी होती. "पोरगी बोलूनच नाही राहिली, तं शाळेत काहून धाडू?" असं भागीचे वडील त्यांना सुनावून गेले होते. पालकांच्या कार्यक्रमापर्यंत थांबा, एवढीच विनवणी बाईंनी केली होती.

चित्रं एकापुढे एक चिकटवून आम्ही मागाच्या जुन्या रुळावर गुंडाळत गेलो होतो, विणलेलं कापड गुंडाळतात तशी. असं गुंडाळलं की शेवट वर राहतो, हे एवढ्या कोष्ट्यांत एकाच्याही डोक्यात आलं नाही, बाईंच्याही नाही. पालकांसमोर संत्र्याच्या पेटीच्या चौकटीत रूळ फिरवला, तर पहिलीच आली ती मेलेली बकरी. आमची पाचावर धारण बसली. दुसरं कोणी असतं तर रूळ सोडून पुन्हा गुंडाळायला घेतला असता. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"भागे, पहिलं चित्र तुहं आहे वं. सांग."

भागी पेटीपाशी आली. मग म्हणाली, "बकरी मेली होती. मंग उठली."

पुढे तिने आम्हाला तोंड उघडू दिलं नाही. ट्रक मागे नेला, बकरीला सीताबर्डीहून उलट पावली चालवलं आणि उमरेडला आईच्या कुशीत नेऊन बसवलं. तिचे वडील धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. दुसऱ्या दिवशी तेच तिला शाळेत सोडून गेले.

बऱ्याच वर्षांनी बाई गेल्या. त्यांच्या घरी आम्ही जमलो, तेव्हा सगळ्यांनी भागीलाच बोलायला लावलं. "बाई काल गेल्या," इथून तिने सुरुवात केली आणि मागे मागे जात राहिली. आधी दवाखाना, मग त्यांचा शाळेतला शेवटचा दिवस, मग ती बकरी. थांबली ती आमच्या वर्गाच्या दारापाशी. तिथून बाई नुकत्याच आत आल्या होत्या आणि खोडरबरांसाठी त्यांनी हात पुढे केला होता.