वसुलीवाल्याचा फोन, भर नसाबात

कायदा पूर्णपणे माझ्या बाजूने होता, म्हणून माझी सोयरीक मोडली.

आमच्या तांड्यातला मी पहिला पदवीधर. पदवीधराच्या हातात शोभावा म्हणून हप्त्यावर मोबाइल घेतला. नोकरी लागली नाही (मोबाइल मात्र रोज नोकरीच्या जाहिराती दाखवायचा!), हप्ते थकले, आणि वसुलीवाल्याने थेट तांड्याच्या प्रमुखाला, आमच्या नायकाला फोन लावला!

तांड्याची रीत अशी, की बाहेरच्याने गाऱ्हाणं नायकाकडे नेलं की नसाब बसलाच. म्हणजे सगळा तांडा जमून न्याय करणार. नेमके त्याच दिवशी माझे होणारे सासरे डोंगरकड्याच्या तांड्यावरून साखरपुड्याचं ठरवायला आलेले. तेही येऊन बसले.

बाबा कानात कुजबुजले, "नायकाला बाजूला घिऊन सांग. मिटवतील ते."

मी? कुजबुजू? बी.ए. झालेला माणूस? उभाच राहिलो!

"नायक, वसुलीवाल्यानं फक्त कर्जदाराशी बोलायचं असतं. नातेवाईक, शेजारी, कोणालाच सांगायचं नाही. नियम आहे! लावा त्याला फोन. स्पीकरवर!"

नायकांनी लावला. "काय रे, कोणाकोणाला सांगितलं तू?"

"तुम्हाला आणि अजून एकाला, साहेब. किती थकलंय तेसुद्धा नाही सांगितलं."

"उपकार केले का?" मी गरजलो. "वर्षाचे हप्ते थकलेत माझे! वर्षाचे! म्हणून काय गावभर करणार?"

मागून काकू ओरडली, "वर्साचे? अन् मला म्हणला, मोबाइल कालेजात बक्षीस मिळाला!"

सगळा नसाब खो खो हसला. फोनवरचा वसुलीवालासुद्धा!

नायकांनी फोन बंद केला. "म्हंजे हे आमाला कळायलाच नको हुतं?"

"बराबर!"

"मंग तू काहून सांगून राहिला?"

मी मोबाइल काढून नियम शोधायला लागलो.

तेवढ्यात सासरे उठले. रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "दुसरा फोन मलाच आल्ता. परवा. घरात बी बोललो न्हाई मी. शिकलेलं पोरगं हाय, फेडील, म्हणलं. झाकलं. आता हे आमच्या तांड्यावर माझ्या आधी पोचंल. पोरीला काय सांगू?"

एवढं बोलून ते चालू लागले. बाबा त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत गेले. आईने ठेवलेला चहा आटून गेला.

मी तरीही कंपनीकडे तक्रार केलीच. शिकलोय कशाला? रीतसर माफीचा मेसेज आला: यापुढे आपल्या कोणत्याही नातेवाइकाला फोन केला जाणार नाही.

सासऱ्यांना तर नाहीच नाही. ते आता दुसऱ्याच कोणाचे तरी सासरे आहेत!