लेकीच्या बारशात मी मान सांभाळली

कप आधी खाली ठेवा, नाहीतर हसताना चहा सांडाल! माझ्या लेकीच्या बारशात मी जो घोळ घातला, तो आमच्या सासुरवाडीत, गडमुडशिंगीत, अजून गाजतोय.

लेक झाली तेव्हा दवाखान्यात तिला घेताना माझे हात लटलटा कापले. झालं! सासूबाईंनी तिथल्या तिथं निकाल दिला, "पावणं, तुम्ही आपलं लांबनंच बघा. तुम्हाला मान धराय येत न्हाय."

बाप मी, आणि लांबनं बघू? मनाला फार लागलं हो.

मंगळवार पेठेतल्या घरी एकटा बसून मी मोबाईलवर बाळ सांभाळायचे होते नव्हते तेवढे व्हिडिओ पाहिले. उशीला टोपडं घालून सराव केला. आधी साबणानं हात धुवायचे. मानेखाली तळवा ठेवायचा. दूध पिऊन झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा. बाळ गार पडलंय का, हे हातापायांवरून ठरवायचं नाही, छातीला हात लावून बघायचं. सगळं तोंडपाठ! बारशाला सगळ्यांसमोर लेकीला उचलून दाखवणारच, असं ठरवूनच मी गेलो.

बायका मांडवात पाळणा सजवत होत्या. मी कोपरापर्यंत हात धुतले आणि हळूच आतल्या खोलीत शिरलो. बाळाला उजेड नको म्हणून पडदे ओढलेले. आणि बघतो तर काय, पलंगाच्या अगदी कडेला लेक एकटीच! टोपडं डोळ्यांवर ओढलेलं, दुपट्यात घट्ट गुंडाळलेली. पडली असती म्हणजे? आणि मला म्हणे मान धरता येत नाही!

तळवा मानेखाली, दुसरा हात कमरेखाली. उचललं. काय वजन हो! एवढ्यात केवढं बाळसं धरलं पोरीनं! ऊर भरून आला माझा.

बायकोचे मामा गगनबावड्याहून आले होते. ते दारातून डोकावले. "पावणं, लेकरू लई शांत हाय की!"

"व्हय मामा, माझ्यावर गेलंय," मी म्हणालो.

मामा गेले. मी ढेकर काढायला तिला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं. हात दुखला. एवढीशी पाठ इतकी कडक? छातीशी बोटं नेली, तर गार! गारठणक!

मी बोंबलत मांडवात धावलो, "रिक्षा! रिक्षा बोलवा! बाळ गार पडलंय!"

पाळण्याजवळची गाणी थांबली. सासूबाईंच्या हातातलं तबक खाली पडलं. आणि मागच्या दारातून बायको आली. तिच्या खांद्यावर आमची लेक, टकामका बघत!

"अहो, वरवंटा घेऊन कुठं निघालाय?"

तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? बारशात वरवंट्याला बाळासारखं सजवून आधी पाळण्याखालून-वरून फिरवतात, मग बाळ पाळण्यात घालतात. पण हे सगळं बायका करतात! आम्ही बाप्ये जन्मभर बाहेर खुर्च्यांवर जेवणाची वाट बघत बसलेलो. तो वरवंटा किती नटवतात, आम्हाला काय ठाऊक?

मांडव हसून हसून लोळला. मामा तर खुर्चीवरनं घसरले. मी मात्र तिथंच उभा राहून रडत होतो. लाज वाटत होती, पण लेक धडधाकट दिसली त्याचा आनंद जास्त होता.

सासूबाई जवळ आल्या. त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं. एवढ्या पळापळीतही माझा तळवा वरवंट्याच्या मानेखालून हलला नव्हता! त्यांनी वरवंटा काढून घेतला आणि लेक माझ्या हातात ठेवली.

"धरा. दगडाची मान एवढी जपताय, तर हिची जपालच की."

काय ऊब असते हो लेकराला! हात जरासुद्धा कापले नाहीत.

तेव्हापासून सासूबाईंचा माझ्यावर पुरा भरवसा बसलाय. फक्त चटणी वाटायची वेळ आली, की भरल्या घरात हाक येते, "पावणं, तुमच्या थोरल्याला जरा घेऊ का? खोबरं वाटायचं हाय!"