मल्हारीच्या होडीसाठी पाहिलेली गाडी

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. पंचवीस वर्षांचा संसार आहे आमचा, माझ्या बारीकसारीक खोड्या तिला पाठ आहेत, पण ही एक गोष्ट तिच्या कानावर कधी पडली नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा मागच्या महिन्यात जे झालं ते आता आत मावत नाही — तेही असेल. मला नीट सांगता येणार नाही. जसं आठवेल तसं सांगतो.

मी शेषराव. मूळचा फुलंब्रीकडचा, शेती भाऊ बघतो. शहरात, छावणी भागात माझं छोटं गॅरेज आहे. आमच्या भागात माझं एक नाव होतं — अजूनही आहे, हेच तर वाईट आहे. जुनी गाडी घ्यायची म्हटली की लोक आधी मला दाखवतात. शेषराव इंजिनाचा नुसता आवाज ऐकून सांगतो, असं म्हणतात. आणि ते ऐकायला मला आवडायचं. लई आवडायचं.

मल्हारी माझा आयटीआयमधला सोबती. गंगापूर तालुक्यात धरणाच्या फुगवट्याला लागून त्याचं गाव. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. बाप आजारी पडला तसा हा शिक्षण अर्धवट सोडून कळपामागं गेला. पण चराईची रानं कमी होत गेली, तेव्हा पाण्यावर दुसऱ्यांच्या होड्यांत मजुरीला जायला लागला, जाळं टाकायला शिकला आणि शेवटी स्वतःची फायबरची होडी घेतली. त्याची बायको गया त्याच्या बरोबरीनं होडीत बसायची. धनगराच्या घरातली बाई, पोहायला येत नव्हतं, तरी बसायची. मी वहिनी म्हणायचो तिला. गेलो की तळलेला मासा पुढं करायची आणि स्वतः मात्र माळकरी, शिवायची पण खायची नाही.

तिकडच्या पाण्याचं एक आहे. उन्हाळ्यात ते मागं सरकत जातं. आज जिथं काठ आहे तिथून पंधरा दिवसांनी कोसभर चिखल तुडवत जावं लागतं. मग होडी ट्रॉलीवर चढवायची आणि दुसऱ्या काठाला न्यायची. मल्हारी त्यासाठी दर वेळी कुणाचा तरी ट्रॅक्टर मागायचा. शेवटी म्हणाला, "शेषा, एक गाडी बघून दे. होडी ओढंल अशी. मला काय कळत नाय त्यातलं."

दोन गाड्या होत्या नजरेत. एक जुनी जीप, चारही चाकांना जोर असलेली, रंग उडालेला, सीट फाटलेल्या. दुसरी पांढरी पिकअप, दिसायला छान, गंगापूर रस्त्यावर एका विटभट्टीवाल्याकडं. मल्हारीचं मन जीपवर होतं. चिखलात ही कामाची, असं त्याला वाटायचं. बरोबरच वाटायचं. पण मी म्हणालो, जीपचे पार्ट मिळत नाहीत, तुला होडीसोबत मासेही बाजारात न्यायचेत, पिकअप घे. हे खोटं नव्हतं. इथपर्यंत मी खोटं बोललो नव्हतो.

पिकअप बघायला आम्ही गेलो तो दिवस माझ्या पुतणीच्या साखरपुड्याचा होता. मी तिथूनच पुढं जाणार होतो. पांढरा कुर्ता, पांढरा पायजमा, नवे कपडे. तुम्हाला हसू येईल, पण सगळं या कपड्यांपाशी येऊन थांबतं. मी इंजिन चालू केलं, कान दिला. छान होतं. भट्टीच्या मैदानात दोन फेऱ्या मारल्या. हँडब्रेक ओढून बघितला — सपाट जागेवर गाडी जागची हलली नाही. राहिलं होतं ते गाडीखाली जाणं. मैदानभर विटांची लाल भुकटी. मी वाकलो, गुडघ्यावर हात ठेवून जेवढं दिसलं तेवढं बघितलं आणि सरळ झालो.

मल्हारी मालकाशी बोलत होता. माझ्याकडं आला.

"खालून बघितली का?"

"बघितली."

"मी शिरू का एकदा? माझे कपडे काय, असेच हायेत."

"कशाला? बघितली म्हटलं ना. खालून एकदम चोख आहे."

त्यानं मान डोलवली. पुन्हा विचारलं नाही. त्यानं गाडीखाली शिरू नये असं मला का वाटलं? त्याला त्यातलं कळलं नसतं, तरी तो शिरला असता आणि मी पांढऱ्या कपड्यांत उभा राहिलो असतो, एवढंच. माझी शोभा झाली असती.

गाडी त्यानं घेतली. ट्रॉलीचा हुक गावाकडंच बसवून घेतला. तो हुक शेवटपर्यंत जागचा हलला नाही, ज्यानं जोडला त्यानं काम इमानानं केलं होतं. त्या दिवाळीला मल्हारी खुश होता. गया वहिनीनं गाडीच्या काचेला पिवळ्या गोंड्यांचं तोरण लावलं होतं. मला फोन करून म्हणाली, "भाऊजी, आता कुणाच्या ट्रॅक्टरची वाट बघायला नको."

वैशाखात ते झालं.

पाणी खूप मागं गेलं होतं. मल्हारीनं गाडी उलटी घेत ट्रॉली उतारावरून पाण्याच्या तोंडाशी नेली. गाडी थांबवली आणि ट्रॉलीवरच्या होडीचा दोर सोडायला खाली उतरला. वहिनी मागं पाण्यात उभी होती, कमरेएवढ्या, होडी धरायला. नेहमीचंच काम. तो दोराला हात घालतोय तोवर गाडी मागं सरकली. ट्रॉली आणि होडी दोन्ही तिच्या अंगावर गेली.

मला फोन आला तो मल्हारीच्या चुलतभावाचा. वहिनीला शहरात दवाखान्यात नेलं होतं, मल्हारी सोबत गेला होता. गाडी पाण्यात अडकलीय, या, असं म्हणाला. मी पोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती. पिकअपची मागची चाकं पाण्यात रुतलेली. चारजण ट्रॅक्टरला साखळी बांधत होते. कुणीतरी स्टेअरिंगवर बसायला हवं होतं. मी चढलो.

इथं मी नेहमी थांबतो. मनातल्या मनात सांगतानाही इथं थांबतो.

हँडब्रेकचा दांडा वर होता. पूर्ण वर, जितका ओढता येतो तितका. मी त्याला हात लावला तर तो डुगडुगला. ताण नव्हता त्यात. वीस वर्षं हे काम केलेल्या माणसाला पुढचं बघावं लागत नाही — खाली केबल तुटली होती. मल्हारीनं ब्रेक ओढला होता. गाडीनं धरला नव्हता.

मी बाहेर बघितलं. ते चारजण साखळीत गुंतलेले, पाठ माझ्याकडं. किती वेळ गेला असेल? एक श्वास. मी दांड्याचं बटण दाबलं आणि तो खाली केला.

आणि मग खिडकीतून डोकं काढून म्हणालो, "हँडब्रेक ओढलेलाच नाही."

त्यातला एक म्हणाला, "घाईत विसरला असंल." थोड्या वेळानं जमादार आले, त्यांनाही मी तेच सांगितलं. मी मेकॅनिक, मीच आधी गाडीत चढलेला. कागदावर तसंच आलं.

पंचनामा झाल्यावर दोन दिवसांनी गाडी माझ्याच गॅरेजला आणली. मी खाली शिरलो. या वेळी शिरलो. केबल मागच्या चाकाजवळ तुटली होती. तिथं जुना जोड होता, कुणीतरी कधीकाळी तार गुंडाळून, क्लिप मारून केलेला. तारेवर इतका गंज होता की तो जोड आम्ही गाडी घेण्याच्या कितीतरी आधीचा होता. विटभट्टीवर मी पाठीवर निजून दोन हात आत सरकलो असतो तर नाकासमोर दिसला असता. मी नवी केबल बसवली. जुनीचे तुकडे करून भंगारात टाकले. त्याच दिवशी वहिनी गेली.

गाडी न्यूट्रलमध्ये होती, चाकाला दगड लावलेला नव्हता — हे मी स्वतःला कितीदा ऐकवलंय. खरंही आहे ते. पण त्यासाठी मी दांडा खाली केला नव्हता ना.

दवाखान्यात, वहिनी जिवंत असतानाच, मल्हारी जिन्याखाली बसला होता. मला बघून उठला. म्हणाला, "शेषा, मी ओढला होता रे. हाताला आठवतंय माझ्या."

"नाही मल्हारी. खाली होता. मी बघितला."

त्यानं आपला उजवा हात उलटा केला, तळवा बघत राहिला. पुढं महिनाभर तो अधूनमधून म्हणायचा, ओढल्यासारखं वाटतंय. मी दर वेळी, अगदी मायेनं, नाही म्हणायचो. मग एक दिवस तो स्वतःच लोकांना सांगायला लागला, "मीच इसरलो." तुम्ही कधी एखाद्या माणसाची आठवण त्याच्याकडून काढून घेतलीय? मी घेतली. त्यानं विश्वासानं दिली.

त्याची एकुलती पोरगी पूजा तेव्हा बारावीला होती. दहाव्याला वहिनीचे भाऊ आले, मल्हारीला नको ते बोलले आणि पोरीला फुलंब्रीला घेऊन गेले. ती गेली. बापाकडं वळूनही बघितलं नाही तिनं. तिथंच शिकली, तिथंच मामानं लग्न लावलं. बापाला बोलावणं नव्हतं. मला होतं — आमचं गावाकडचं घर त्यांच्या गल्लीतलं. मी गेलो, अक्षता टाकल्या, जेवलो. संध्याकाळी मल्हारीचा फोन आला. त्यानं एवढंच विचारलं, "मांडव कुठं घातला होता?" मी सांगितलं, शाळेमागच्या मैदानात. "सावली होती का तिथं?" म्हणाला. होती म्हटलं. बरं म्हणाला.

होडी त्यानं विकली, गाडीही विकली. आता पुन्हा पंधरा-वीस मेंढरं सांभाळतो, काठाकाठानं हिंडतो. बाजाराच्या दिवशी गंगापूरला वडाप जीपनं जातो तेव्हा जीप थांबली की पुढं वाकून ड्रायव्हरला विचारतो, "ब्रेक ओढला का?" लोक हसतात. ड्रायव्हर ओळखीचे झालेत, ते आधीच सांगतात, "ओढला मामा, ओढला." एकदा मी त्या जीपमध्ये होतो. त्याच्या शेजारीच बसलो होतो.

या सगळ्याला सहा वर्षं झाली. आता मागच्या महिन्याचं.

सकाळी अकराचा सुमार असेल. पूजा गॅरेजला आली. नवऱ्याच्या मोटरसायकलवरून, तपासणीसाठी शहरात आली होती. सातवा महिना लागलाय तिला. नवरा समोरच्या दुकानात औषध घ्यायला गेला. मी स्टूल पुसून दिलं, पाणी दिलं. चेहरा वहिनीचा, बसायची पद्धत मल्हारीची. ती दोन घोट प्यायली, ग्लास हातातच ठेवला. मग म्हणाली, "काका, एक विचारू? रागवू नका."

"विचार की."

"आईच्या वेळी गाडीत आधी तुम्हीच चढले होते ना? आप्पा सुरुवातीला म्हणायचे, मी ओढला होता. मामांनी त्यांना बोलूच दिलं नाही. मीबी ऐकून घेतलं नाय. आता हे व्हायलंय तर मला सारखं वाटतंय, त्यांना एकदा बोलवावं. पण मनातलं जात नाय. तुम्ही खरं सांगा. ते खरंच इसरले होते का?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. जमादार नव्हते, वहिनीचे भाऊ नव्हते. गाडी पाण्यात नव्हती, मला कुठं पोचायची घाई नव्हती, कामाचे मळके कपडे अंगावर होते. सहा वर्षांपूर्वी मी घाबरलो होतो, असं म्हणता येतं. त्या सकाळी मी घाबरलेला नव्हतो. पोरगी विचारत होती आणि माझ्याजवळ उत्तर होतं. एका वाक्याचं.

मी म्हणालो, "व्हय पोरी. इसरला होता. दांडा खालीच होता."

तिनं मान हलवली. ग्लास खाली ठेवला. "बरं झालं विचारलं," म्हणाली, "उगं मनात शंका राहिली असती." नवरा आला. ती सावकाश गाडीवर बसली, पदर नीट केला आणि दोघं गेले.

मी आत आलो. एका गाडीचा क्लच उघडून ठेवला होता, तो बसवला. दीड वाजता डबा उघडला आणि जेवलो.