खाटेसमोरचा शब्द

मंगरू शेंडे वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या द्याल. मी दिल्या आहेत, अन् तोंडावर दिल्या आहेत. माझ्या अन् त्याच्या घरांमध्ये एक कुडाची भिंत तेवढी होती, अन् त्याची बायको तुळसा माझी जिवाभावाची मैत्रीण होती. तेव्हा मला तो हक्क आहे.

आमचं जुनं गाव वैनगंगेच्या काठाला होतं. आता ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. मी तिथं अंगणवाडीची बाई होते, रत्नाबाई म्हणून सारे ओळखतात, अन् मंगरू पेंटर. पवनीपासून आसगावपर्यंत दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या घोषणा, सगळं त्याच्या हातचं. अक्षर असं की माणूस सायकल थांबवून पाहायचा. पण दहावीत एकट्या इंग्रजीत लटकला, अन् ते त्याच्या मनाला फार लागलं. दुसरा असता तर त्यानं इंग्रजीचं नाव टाकलं असतं. हा उलट तिच्या मागेच लागला.

रद्दीतून त्यानं एक जाडजूड डिक्शनरी आणली होती. तिच्यात तो असे लांबलचक शब्द शोधत बसायचा, ज्यांत ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर येतात. "पाचही जन हजर पायजेत, एकही गैरहजर चालनार नाई," म्हणायचा, जसा काही शाळेत हजेरीच घेऊन राहिला. असा शब्द सापडला की घराच्या ओसरीतल्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसेल असा, निळ्या ऑइलपेंटनं ठळक काढायचा अन् खाली मराठीत अर्थ लिहायचा. त्याचा नियमही होता. गावातल्या कोणीतरी तो शब्द बोलताना बरोबर वापरला पाहिजे. वापरला की मंगरू तो रॉकेलच्या चिंधीनं पुसायचा, वरून चुना मारायचा अन् नवा लिहायचा. तोवर शब्द जागचा हलायचा नाही.

एज्युकेशन तर संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. कॉलीफ्लॉवर किराणावाल्या श्यामरावांनी खपवला, बाजारातून फुलकोबी आणून ओसरीपुढं उभं राहून. प्रिकॉशन मी वापरला, लसीकरणाच्या दिवशी आयांना समजावता समजावता. अन् बिहेवियर तुळसानं. भर रस्त्यात नवऱ्याला म्हणाली, "तुमचा बिहेवियर बराबर नाई." सारी वस्ती हसली, मंगरू सगळ्यांत जास्त. लगेच चुन्याची बालटी घेऊन आला. एकदा त्याला कळलं की हाउस पेंटर या त्याच्या धंद्याच्या नावातही पाचही जण हजर आहेत. त्याची पोरगी रश्मी झाली तेव्हा वाटले होते, तसे त्या दिवशी त्यानं पेढे वाटले. असा होता गडी.

मग एका वर्षी धानाच्या कापणीच्या वेळी त्यानं लिहिलं, न्यूमोनिया. खाली अर्थ, फुप्फुसाला सूज येण्याचा आजार. मी म्हटलं, "भाऊ, कामाच्या दिवसांत भिंतीवर रोग कायले लिवता? दुसरा शब्द नाई भेटला?"

"रोग कुठं हाय बाई, शब्द हाय थो. पाहा तरी किती देखना हाय," तो म्हणाला.

तो शब्द कोण वापरणार? कोणाला खोकला झाला तर आम्ही खोकला म्हणतो. म्हणून तो तिथंच राहिला. थंडी पडली, चणा फुलावर आला, अन् तुळसाला ताप चढला. खोकून खोकून बरगड्या दुखायला लागल्या. पवनीला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी तोच शब्द सांगितला. काही दिवस ठेवून घेतलं, मग औषधं देऊन घरी पाठवलं. घरात ओल होती म्हणून तिची खाट ओसरीत टाकली, उन्हाला. समोर ती भिंत.

वस्तीत कुजबुज व्हायला किती वेळ लागतो? लीलाबाई पाण्याच्या बोअरिंगवर बोलून गेली, "लिवलं म्हनूनच आलं." झालं. बाया त्या रस्त्यानं जाताना लेकरांना पदराखाली घ्यायला लागल्या. मंगरूच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कारण नजर, उतारा, जादूटोणा, सगळ्याविरुद्ध वस्तीत भांडणारा तोच एक. विहारात उभा राहून सांगायचा की आपण बाबासाहेबांची माणसं, असलं काही मानायचं नाही. त्यानं किती जणांचे गंडेदोरे स्वतःच्या हातानं तोडले होते.

अशात तुळसा त्याला म्हणाली, "रश्मीचे बाबा, तेवढं पुसून टाका न."

त्यानं तिला तिथंच भाषण दिलं. शब्दानं माणूस आजारी पडत नाही, जंतूंनी पडतो. मी तुळसाजवळ बसले तेव्हा ती मला म्हणाली, "मी का येडी हावो, रत्नाबाई? शब्दानं कोनी मरत नाई, मले समजते. पन डोरे उघडले का थोच दिसते. खोकला आला का थोच दिसते. मले नाई पाहवत."

मी हे त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, मले बी समजते. पन आज पुसलं तं उद्या सारी वस्ती म्हनन, पाहा, मंगरूही भ्याला. मंग इतके वर्स मी काय केलं?"

मी तिचं जुनं लुगडं भिंतीवर टांगलं. संध्याकाळी त्यानं ते उतरवून ठेवलं. झाकलं तरी लोक तेच म्हणतील, म्हणाला. तेव्हा मी त्याला काय काय बोलले, ते इथं सांगण्यासारखं नाही. त्याचाच नियमही त्याच्या तोंडावर मारला, म्हटलं, डॉक्टरांनी वापरला की नाही शब्द? तर म्हणे, डॉक्टर गावचा नाही.

हे तुळसानं खाटेवरून ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी तिला पेज पाजत होते, मंगरू ब्रश धूत होता. ती माझ्या हाताला धरून उठून बसली. श्वास पुरत नव्हता, तरी एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मले न्यूमोनिया झाला हाय." मग त्याच्याकडे पाहून, "बराबर म्हनलं का नाई?"

मंगरूच्या हातातला ब्रश थांबला. मला वाटलं, आता हा चिंधी आणतो. त्यानं ब्रश झटकून डब्यात उभा केला.

"बराबर म्हनलं," तो म्हणाला. "बाबासाहेबाच्या जयंतीले साऱ्याच भितींले चुना मारतो न मी. तवा जाईन थो. तवा कोनी काई म्हननार नाई."

तुळसा परत आडवी झाली. त्यानंतर तिनं त्याच्याजवळ त्या शब्दाचं नाव काढलं नाही.

जयंतीच्या आधीच ती गेली. शब्द पुसला असता तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. नसती वाचली. पण जाताना तिच्या डोळ्यांपुढं कोरी पांढरी भिंत असती. तेवढंच तिनं मागितलं होतं, अन् तेवढंही तिला भेटलं नाही. याचा राग माझ्या पोटात अजून आहे.

जयंतीला मंगरूनं विहार रंगवला, सगळ्यांची घरं रंगवली. स्वतःच्या ओसरीला हात लावला नाही. पुन्हा नवा शब्दही लिहिला नाही. तो शब्द तसाच राहिला, अन् लोकही त्याच्याबद्दल बोलेनासे झाले.

मग धरणाचं पाणी आलं. आम्हाला नव्या गावठाणात प्लॉट भेटले. दारं, लाकडं, छपरावरचे कवेलू, सारं उतरवून ट्रॉलीत भरलं. निघताना मंगरू दिसेना, म्हणून मी त्याच्या घराकडं गेले. छप्पर नव्हतं, नुसत्या भिंती उभ्या होत्या. मागच्या वावरात पाणी चढलेलं दिसत होतं. अन् हा माणूस चुन्याची बालटी घेऊन त्या शब्दावर हात मारत होता. कोपरापर्यंत पांढरा झाला होता. सालोसाल सुकलेला ऑइलपेंट, तो चुन्याला काय दाद देणार? एक हात मारला की निळं खालून परत वर यायचं.

"भाऊ," मी म्हटलं, "भितच जाऊन राहिली पान्यात. आता कायले?"

"तुळसानं म्हटला होता न, बाई. बराबर म्हटला होता." तो रडत होता अन् हात मारतच होता. "तवाच पुसाचा होता मी."

त्याला द्यायला माझ्याजवळ एकही शिवी उरली नाही. ट्रॉलीवाला हॉर्न देऊन राहिला होता. मंगरूनं शेवटचा हात मारला, मागे सरकला, अन् मला खाटेच्या जागी उभं राहायला सांगितलं.

"तिथून पाहा बाई. दिसते का?"

मी पाहिलं. नाही दिसत, म्हटलं.

दिसत होता.